तीन राज्यांत एकच गाय

एक होता राजा. थांबा, एक नव्हता, तीन होते. आणि तिघांचं एकमेकांशी पटत नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे मधेच कुणी विचारायचं नाही.

पहिला खडकराजा. त्याच्या राज्यात जिकडे बघाल तिकडे खडक. दुसरा वाळूराजा. त्याच्याकडे नुसती वाळू, भाकरीचा घास घेतला तरी दाताखाली कचकच. तिसरा चिखलराजा. त्याच्याकडे बारा महिने चिखल, लोक लग्नातसुद्धा धोतर गुडघ्याच्या वर खोचून उभे राहायचे.

एकदा काय झालं, सात समुद्रांपलीकडून चेंडूमहामंडळाचा सांगावा आला. जगातल्या सगळ्या देशांची फुटबॉलची मोठी स्पर्धा भरवायची आहे. ज्याला आपल्या घरी भरवायची असेल त्यानं पुढे यावं. अट एवढीच की तीन मैदानं हवीत, आणि तिन्ही हिरवीगार.

राजे हुरळून गेले. स्पर्धा आली की जगात नाव होणार. मग खडकराजानं चेंडू मागवून खेळून बघितलं. खडकावर आपटून चेंडू फुटला. वाळूराजाचा चेंडू जागीच रुतून बसला. चिखलराजाचा चेंडू जो चिखलात गेला, तो गेलाच. अजून शोधतायत, बरं का.

मग तिघांनी मिळून एक प्रधान नेमला. त्याचं नाव वाकडोजी. भांडणाऱ्या माणसांना एका खोट्यासाठी एकत्र आणायचं, हे काम त्याच्याइतकं कुणाला जमत नसे. तो म्हणाला, एकेकट्यानं मागू नका, तिघं मिळून मागा. प्रत्येकाच्या राज्यात एकेक मैदान आहे, असं सांगा. राजांनी विचारलं, पण आहे कुठे मैदान? वाकडोजी म्हणाला, ते माझ्याकडे लागलं.

आता ऐका. तिन्ही राज्यांच्या हद्दी जिथे एकमेकींना टेकायच्या, तिथे एक कुरण होतं. कुरण म्हणजे गुरांच्या चरण्याचं रान. ते कुठल्याच राजाचं नव्हतं. म्हणूनच ते हिरवं राहिलं होतं, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटायचं ते वाटो.

तिथे येसूबाई राहायची. ती आणि तिची बांडी गाय. बांडी म्हणजे काळीपांढरी. गायीचं एक शिंग आभाळाकडे गेलेलं, दुसरं खाली गालाकडे वळलेलं. लांबूनसुद्धा ओळखू यावी अशी गाय. ती होती गाभण, आणि दिवस भरत आले होते.

आणि कुरण म्हणाल तर ते साधंसुधं नव्हतं. त्याच्या गवताची मुळं एकमेकांत विणलेली होती, घोंगडी विणतात ना, तशी. दर वर्षी सुगी आटोपली की येसूबाई कुरणाची कड धरायची, अख्खं कुरण उचलायची, झटकायची, खडेबिडे उडवून लावायची आणि पुन्हा अंथरायची. एकटी बाई अख्खं कुरण कशी उचलायची? अरे, तिचंच होतं ते. तिला कशाला जड होईल?

वाकडोजीनं हे कधीतरी बघून ठेवलं होतं. मग एका सकाळी येसूबाई ओढ्यावर गेलेली बघून तो माणसं घेऊन आला. कड धरली आणि कुरण गुंडाळायला लागला. येसूबाई जे एका हिसक्यात उचलायची ते उचलायला त्याला अख्खी पलटण लागली. सगळे घामाघूम. कशीबशी गुंडाळी बैलगाड्यांवर चढवली आणि निघाले.

येसूबाई परत आली तर काय, नुसती उघडी लाल माती. आणि त्या मातीत उभी राहून गाय हंबरतेय.

मग येसूबाई गाड्यांच्या मागे पळाली. गाडी अडवून उभी राहिली. वाकडोजी गोड हसला. म्हणाला, चेंडूमहामंडळाचा पाहुणा येणार आहे, मैदान बघून जाणार आहे, तो गेला की कुरण जागेवर आणून टाकतो, देशाच्या मानाचा प्रश्न आहे. येसूबाईनं विचारलं, कुठल्या देशाच्या? त्यावर तो हसायचा थांबला आणि गाड्या पुढे काढल्या.

आधी गाड्या गेल्या खडकराजाकडे. खडकावर कुरण अंथरलं, पांढऱ्या चुन्यानं रेघा मारल्या, दोन टोकांना गोलाचे खांब रोवले. पण कुरण काही स्वस्थ पडेना. इकडून कड उचलली जायची, तिकडून कोपरा दुमडायचा. तुम्ही आत्ता करताय ना चुळबूळ, तश्शी. एक खांब पडला तो थेट खडकराजाच्या पगडीवर. आणि पाहुणा तर वेशीपाशी आलेला.

तेवढ्यात बांडी गाय तिथे पोचली. आपल्या गवताचा वास घेत आली होती, मागून येसूबाई. वाकडोजीनं काठी उगारली, पण गाय थेट मैदानात शिरली आणि चरायला लागली. मग काय झालं? कुरण शांत पडलं. कडा खाली बसल्या. वाकडोजीनं काठी हळूच पाठीमागे लपवली.

पाहुणा आला. उंच, म्हातारा माणूस. तरुणपणी खेळताना गुडघा मोडलेला, म्हणून लंगडायचा. त्यानं बूट काढले, अनवाणी चालून मैदान बघितलं. मग गायीबद्दल विचारलं. खडकराजा म्हणाला, ही आमची राजगाय, शुभ असते. दरबारातले लोक वा वा म्हणाले. काही विचारायचं सोडून वा वा म्हणायचाच त्यांना पगार होता. पाहुण्यानं गायीची मान खाजवली आणि तो पुढे गेला.

येसूबाई म्हणाली, झालं ना, आता द्या माझं कुरण. वाकडोजी म्हणाला, आजचा दिवस थांब.

पाहुण्याला मेजवानीत बसवलं, आणि तो जेवतोय तोवर गाड्या वाळूराजाकडे पळाल्या. तिथे कुरण वाळूवरून घसरायला लागलं. माणसं चारी बाजूंनी धरून बसली तरी सरकतच होतं. मग वाकडोजी स्वतः येसूबाईपाशी आला. गाय आण म्हणाला. येसूबाई म्हणाली, तिचे दिवस भरलेत, वाळूत तिचे पाय रुततील. तो म्हणाला, नको आणूस, कुरण घसरत घसरत वाळूत बुडालं की मग मला काही म्हणू नकोस.

असा माणूस तो. चोरी त्याची, आणि काळजी घ्यायची हिनं.

मग येसूबाई गायीला घेऊन निघाली. दर थोड्या वेळानं गायीला थांबवायची, खुरांवर पाणी ओतायची. गाय पोचली, तिनं चार घास खाल्ले, तसं कुरण थांबलं.

पाहुणा आला, बूट काढले, चालला. गायीसमोर मात्र बराच वेळ उभा राहिला. एकदा वरच्या शिंगाकडे बघे, एकदा खालच्या. वाळूराजा घाईघाईनं म्हणाला, आमच्या तिघांची मैत्रीच अशी की गायीसुद्धा एकसारख्या. लगेच दवंडी पिटली गेली, तिन्ही राज्यांच्या गायी एकसारख्या हो. दवंडीवाल्यानं गाय बघितलीसुद्धा नव्हती. सांगितलं तेवढं ओरडला. असल्या माणसांचा मला फार राग येतो. जाऊ दे.

येसूबाई पुन्हा म्हणाली, द्या माझं कुरण. वाकडोजी म्हणाला, आता एकच राज्य राहिलंय.

गाड्या चिखलराज्याकडे निघाल्या. येसूबाई गायीबरोबर शेवटच्या गाडीच्या मागून चालत होती. पुढच्या पालखीत तिन्ही राजे बसले होते, आणि त्यांचं भांडण असं जुंपलं होतं की पार शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू येत होतं. भांडण कशावरून? स्पर्धा मिळाली की कुरणाचे तीन तुकडे करायचे, एकेक प्रत्येकानं ठेवायचा, हे ठरलेलंच होतं. पण मधला हिरवा तुकडा कुणी घ्यायचा, ते ठरत नव्हतं.

येसूबाईनं ते सगळं ऐकलं. घोंगडी मधून कापली तर काय होतं? उसवत जाते, धागा धागा सुटतो. कुरण कापलं की ते कुणाचंच राहणार नव्हतं. ना राजांचं, ना तिचं, ना गायीचं. म्हणजे परत देण्याची सगळी बोलणी खोटी होती.

तिला पळून जावंसं वाटलं, ओरडावंसं वाटलं. पण कुरण गाडीवर होतं आणि गाय जड पावलांनी चालत होती. कुठे पळणार?

चिखलराजाकडे चिखलावर कुरण अंथरलं. ते फुगायला लागलं, खचायला लागलं, जागोजागी सुरकुत्या पडल्या. सगळे गायीकडे बघायला लागले. पण गाय या वेळी चरेना. ती नुसती फिरायला लागली. बसायची, उठायची, पुन्हा बसायची. खालून कुरण हलतंय, वरून गाय फिरतेय, राजे नखं खातायत, वाकडोजी घाम पुसतोय. कुणालाच चैन नाही. आणि समोरून पाहुणा लंगडत येतोय.

मैदानाच्या मधोमध चुन्याचा गोल असतो ना, तिथे जाऊन गाय आडवी झाली.

वाकडोजीनं शिपायांना सांगितलं, ओढून काढा तिला. शिपाई दोर घेऊन पुढे झाले. येसूबाई मधे उभी राहिली. ती म्हणाली, "आत्ता तिला उठवाल तर दोन जीव जातील. आधी मला उचला."

शिपाई थबकले. त्यांच्याही घरी गायी होत्या.

पाहुण्यानं काय केलं माहितेय? अंगातला भारीतला कोट काढला, गुडघा दुखत होता तरी खाली टेकला, आणि येसूबाईला विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, तिचं डोकं धरा आणि गप्प बसा. तो गप्प बसला. मग कुणी गरम पाणी आणलं, कुणी पेंढा आणला. चिखलराजासुद्धा आपल्या गादीवरची चादर घेऊन धावत आला, आणि आणल्यावर त्याला आठवलं की आपण राजा आहोत.

आणि वासरू झालं. ओलं, लटपटतं. उठायला गेलं, पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. मग उठलं आणि उभंच राहिलं.

पाहुण्यानं हात पुसले. म्हणाला, गाय तर तिन्ही राज्यांत एकच होती. मग गवत कुणाचं?

पहिला घाबरला खडकराजा. म्हणाला, आमचं नाही हो, आमच्याकडे नुसता खडक, सगळ्यांना माहीत आहे. वाळूराजा म्हणाला, आमचं तर मुळीच नाही, आमच्याकडे गवताची काडी उगवत नाही. चिखलराजा म्हणाला, मी तर आजच पहिल्यांदा बघतोय. तिघांनी वाकडोजीकडे बोट दाखवलं. वाकडोजी म्हणाला, मी गरीब नोकर, माझं कुठलं असणार?

तशी येसूबाई उठली. तिचे हात रक्ता-पाण्यानं भरलेले. ती म्हणाली, "सगळ्यांनी ऐकलं. तिन्ही महाराज चारचौघांत म्हणाले, गवत आमचं नाही. मग मी माझं घेऊन जाते."

वाकडोजी फणकारला. इतका मोठा मान मिळणार होता, तो हिनं घालवला म्हणाला.

येसूबाई त्याच्याकडे वळली. "पंत, मान हवा होता तर गवत स्वतःचं आणायचं."

आणि तिनं कड धरली. एक हिसका दिला. खांब पडले, चुना उडाला, राजे बाजूला उड्या मारत पळाले. अख्खं कुरण तिच्या खांद्यावर. आतल्या मऊ घडीत वासरू. मागून गाय, आणि वेशीपर्यंत पाहुणा, हातात बूट घेऊन.

स्पर्धा मग दुसऱ्याच कुठल्या देशाला मिळाली. आणि आता जे सांगते ते नीट ऐका. लोक राजांवर नाही रागावले, येसूबाईवर रागावले. त्यांनी झेंडे शिवले होते, पोरांना नवे सदरे घेतले होते. दवंडी पिटली, एका गायीनं तिन्ही राज्यांची अब्रू घालवली हो. कुणी कुणी येऊन येसूबाईच्या झोपडीवर ढेकळं मारली. ती बाहेर आली आणि तीच ढेकळं उचलून परत मारली. तिचा नेम चांगला होता.

कुरणही बरेच दिवस धड पडेना. गाड्यांनी कडा फाटल्या होत्या. येसूबाई जरा डोळा लागला की दचकून उठायची, गाड्या आल्या का बघायची. मग वासरू चरायला लागलं. कडेकडेनं, कोपऱ्याकोपऱ्यानं. हळूहळू मुळांनी माती धरली.

मग एक दिवस खडकराज्यातली पोरं वासरू बघायला आली. मग वाळूराज्यातली आली. मग चिखलराज्यातली, पाय धुऊन. कुणीतरी चिंध्यांचा चेंडू बांधून आणला. येसूबाईनं बजावलं, गाय रवंथ करायला बसली की तिच्या बाजूला चेंडू मारायचा नाही. पोरं हो म्हणाली आणि खेळायला लागली. खडकातली, वाळूतली, चिखलातली, सगळी एकाच गवतावर. कोण कुठल्या राज्याचं, ते त्यांचं त्यांनाच आठवेना.

येसूबाई सुखात राहिली. गाय, वासरू, पोरं, सगळी सुखात राहिली. राजेही सुखातच राहिले, राजांचं काय बिघडतंय? वाकडोजीला दुसऱ्या एका राज्यात नोकरी मिळाली, अजून आहे म्हणतात.

झाली गोष्ट. कोण जिंकलं, किती गोल झाले, ते आता विचारायचं नाही. पांघरूण घ्या आणि डोळे मिटा. ए, पाय आत घे तुझे.