मिस्त्रीने फाडलेला पंख

माळावर धावपट्टी जिथे संपत होती, तिथे भार्गव मिस्त्रीची कार्यशाळा होती. हा गृहस्थ लाकूड आणि कापड वापरून कसरतीची विमाने बांधी. त्याचे पहिले विमान दोन खुर्च्यांचे आणि जड होते. कोलांटी घ्यायची म्हटली की ते चिखलातल्या म्हशीसारखे उठायलाच तयार नसे. मग त्याने एक खुर्ची काढली, पंख आखूड केले आणि त्यांना वरून-खालून सारखाच बाक दिला. आता विमान उलटेही तितकेच छान उडणार होते. या खटाटोपात चार वर्षे गेली.

ते उडवणार होती कुमुद खांबेटे. कसरतपटूंच्या चमूसाठी वर्षातून एकदाच निवड होई, आणि त्या दिवसासाठी ती जीव टाकत होती.

कार्यशाळेचा एक नियम होता. पंखाचा सांधा चिकटवला की त्याच सरसाने लाकडाचे दोन तुकडेही चिकटवायचे आणि दुसऱ्या दिवशी मोडून पाहायचे. लाकूड फाटले तर सरस पक्का, सांधा सुटला तर कच्चा. या वेळी घाईघाईत भार्गव ते मोडायलाच विसरला आणि पंखावर कापड चढवून मोकळा झाला.

निवडीच्या सकाळी ते तुकडे त्याच्या हाती लागले. मोडले, तर सांधा अलगद सुटला. त्याने चाकू घेतला आणि रंगवलेल्या पंखाचे कापड उभे फाडले.

कुमुद धावत आली. “मिस्त्रीकाका, एवढ्याशा ढलपीपायी माझं वर्ष घालवलंत! मी उडवते म्हणतेय ना!”

“खुर्ची एकच आहे, पोरी. चूक माझी आणि वर जाणार तू. हे मला जमायचं नाही.”

निवड दुसऱ्याच कोणाची झाली. पंख उघडला, तर आतला सांधा पक्का! छिन्नीनेही सुटेना. वाळत आलेला सरस फक्त त्या तुकड्यांनाच लागला होता. लोक पोट धरून हसले. कुमुद महिनाभर त्याच्याशी बोलली नाही. भार्गवला फार लागले, पण त्याने मुकाट्याने पंख पुन्हा मढवला.

पुढच्या वर्षी एका धनिकाने कुमुदला चकचकीत परदेशी विमान देऊ केले. तिने नकारार्थी मान हलवली.

“पंख तपासलाय का विचारलं, तर तुम्ही कागद दाखवता,” ती म्हणाली. “काकांनी पंख फाडून दाखवला होता.”

आणि ती भार्गवच्या विमानात चढली.

तात्पर्य: जीव दुसऱ्याचा पणाला लागत असेल, तर आपली शंका आधी फेडून घ्यावी, ती खोटी ठरून हसे झाले तरी चालेल.