लांब दगडाची साक्ष

“...पण त्या दिवशी तुम्ही माझ्या तोंडावर हात का ठेवलात, कुमू?”

म्हाताऱ्या माहोएनं मान वर केली नाही.

“तुझ्या?” तो म्हणाला. “मला वाटलं, ते माझंच तोंड आहे.”

एवढं एक विचारायला तिमोतेओ दीड वर्षानं होनोलुलूहून बोटीनं माउई बेटावर आला होता.

माहोए त्या खोऱ्याचा जाणता. खोऱ्याची हद्द त्याला तोंडपाठ होती. कुठला दगड, कुठली धार, कुठलं झाड... एकामागून एक नावं, एका लांबलचक गाण्यात ओवलेली. तेरा पिढ्या ते गाणं गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात उतरत आलं होतं. एक नाव मागंपुढं झालं, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं.

तिमोतेओ त्याचा शेवटचा शिष्य. नऊ वर्षं त्याच्या पायाशी बसलेला. तो त्याला कुमू म्हणे. कुमू म्हणजे गुरू. झाडाच्या खोडालाही तिथले लोक कुमूच म्हणतात.

पुढं तिमोतेओ मिशनच्या शाळेत गेला. इंग्रजी शिकला, काळा कोट घालू लागला, आणि हद्दीच्या कचेरीत दुभाषा झाला.

तेव्हा हवाईला राजा होता. पण राजाच्या कानाशी लागणारे अमेरिकन होते. अमेरिकेशी साखरेचा करार झाला आणि बेटांवर ऊस वणव्यासारखा पसरला. उसाला जमीन हवी होती. जमिनीला कागद हवा होता. म्हणून कचेरीवाले गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलावत, हद्द विचारत, आणि म्हातारा बोलेल ते लिहून घेत. एकदा लिहिलं की झालं.

माहोएलाही बोलावणं आलं.

खोऱ्याच्या कडेनं एक ओढा वाहत होता. त्याच्या पाण्यावर चाळीस घरांची खाचरं पिकत. खाचरांत कालो लावलेला... आपला अळूच तो. त्याचे कंद उकडून, कुटून पोई करायची, तेच त्यांचं अन्न.

पण ओढा त्यांचा नव्हता. हद्द अलीकडच्या लांब दगडापाशी संपत होती. पोहाकूलोआ त्याचं नाव. कधीकाळी या पाण्यावरून दोन खोऱ्यांत लढाई झाली होती. दोन्हीकडचे मेलेले एकत्र पुरले आणि वर तो दगड ठेवला. तेव्हापासून पलीकडचे लोक पाण्याला वाट देत, अलीकडचे दर पिकाचा पहिला कालो त्यांच्या दारी नेऊन ठेवत. पाणी कुणाचं, हे कुणी विचारत नव्हतं.

आता पलीकडच्या जमीनदाराच्या वारसानं सगळी जमीन साखर कंपनीला विकली होती.

साक्षीच्या आदल्या दिवशी तिमोतेओ गुरूकडं आला.

“कुमू, उद्या पोहाकूलोआ म्हणू नका. पुउहाला म्हणा. एवढं एकच नाव बदला.”

पुउहाला ही ओढ्यापलीकडची टेकडी. हद्द तिथवर गेली, की ओढा आत येत होता.

“पुउहाला त्यांची आहे.”

“ते लोक राहिलेत कुठं? तिथं कंपनी आहे.”

“दगड आहे ना?”

“कंपनी पाणी तोडेल, कुमू! मला कायदा कळतो, तुम्हाला नाही. तुमची लेक आहे इथं, नातवंडं आहेत. त्यांनी काय खायचं?”

म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं.

“शिकवलेलं विसरलास?”

“नाही.”

“मग मला काय विचारतोस?”

तिमोतेओनं मनाशी ठरवलं, म्हातारा हट्टी आहे तर असू दे. त्याला इंग्रजी येत नाही. भाषांतर आपल्याच हातात आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीत माहोए उभा राहिला. डोळे मिटून त्यानं समुद्रापासून सुरुवात केली. एकेक नाव येत होतं आणि तिमोतेओ ते इंग्रजीत सांगत होता. कारकून लिहीत होता. कंपनीचा वकील नकाशावर बोट फिरवत होता.

माहोए म्हणाला, “...तिथून पोहाकूलोआला.”

तिमोतेओनं इंग्रजीत सांगितलं, तिथून पुउहालाला.

पण नावांना भाषांतर नसतं.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. दोन पावलं पुढं आला आणि आपला तळवा शिष्याच्या तोंडावर ठेवला. जोरानं नाही... तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

मग कारकुनाकडं वळून त्यानं नुसती नावं घेतली. सावकाश, त्याला लिहिता यावीत अशी. पोहाकूलोआ हे नाव दोनदा घेतलं.

कचेरीचा साहेब मिशनरी बापाचा मुलगा होता, बेटावरच वाढलेला. त्यानं त्यांच्याच भाषेत विचारलं, “दुभाष्यानं खोटं सांगितलं का?”

“तो माझा शिष्य आहे,” माहोए म्हणाला. “तो चुकला असेल तर मी चुकलो.”

वकील हसला नाही, काही नाही. त्यानं नकाशाची घडी घातली.

आठ महिन्यांत कंपनीनं डोंगरात पाट खणला आणि ओढा उसाकडं वळवला.

खाचरांत साचलेलं पाणी आधी कोमट झालं, मग हिरवं. कालो मुळाशी कुजला. मग चिखल तडकला. लोकांनी डोंगरातली रानटी कंदमुळं खाल्ली. काही जण कंपनीच्या उसात मजुरीला लागले, आपल्याच पाण्याच्या काठी. बाकीचे बोटीत बसले.

जाताना कुणी माहोएच्या दाराशी थांबलं नाही. एकानं दगड मारला. लेकीनं पोईचा बत्ता उचलला, पोरं घेतली, आणि बापाकडं न बघता निघून गेली.

तिमोतेओची नोकरी गेलीच होती. तो होनोलुलूच्या धक्क्यावर ओझी वाहत होता. तिथंच त्याची आणि म्हाताऱ्याच्या लेकीची गाठ पडली.

आता तो माहोएच्या समोर बसला होता. झोपडीत चूल पेटल्याची खूण नव्हती.

“कुमू... धाकटी नात गेली.”

म्हाताऱ्याचे हात मांडीवर होते. ते तिथंच राहिले.

“गोवर आला होता. अंगात काही नव्हतंच तिच्या. मूठमाती द्यायला मी होतो.”

“कुठं पुरली?”

“शहराबाहेर.”

“तिच्या हद्दी सांग.”

“काय?”

“चारी बाजूंना काय आहे?”

तिमोतेओ कसाबसा म्हणाला, “समुद्राकडं... विटांची भिंत. डोंगराकडं चिंचेचं झाड. उगवतीला एका चिनी मजुराची माती. मावळतीला काही नाही. मोकळं आहे.”

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. विटांची भिंत, चिंच, चिनी मजूर, मोकळी जागा... तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना ते गाण्याच्या चालीत आलं होतं. गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

तिमोतेओ ताडकन उठला.

“तिच्या हद्दी ओठावर घ्यायला तुम्हाला लाज नाही वाटत? एका शब्दानं वाचली असती ती! एका शब्दानं!”

“हो,” माहोए म्हणाला.

भांडायला आलेल्या माणसाला एवढं मोठं ‘हो’ उचलता येईना.

“रोज म्हणता अजून? ते गाणं?”

“रोज. चालत चालत. समुद्रापासून लांब दगडापर्यंत.”

“ऐकतं कोण?”

म्हाताऱ्यानं काठी जवळ ओढली.

“घरं ओस पडली. पोरं परक्यांची भाषा बोलतात. ओढ्यात नुसते गोटे आहेत. कुणासाठी म्हणता, कुमू? कुणासाठी?”

माहोए काठीच्या आधारानं उठला. दारात जाऊन त्यानं कोरड्या ओढ्याकडं बराच वेळ पाहिलं...

“पाणी परत येईल, तिमोतेओ. तेव्हा ते वाट कुणाला विचारील?”