एकाच बिळातलं धान्य

फार मागं, ज्वारीच्या एका रानात भिवरी उंदरीण सांगून सांगून दमली, पण बाकीच्या मेल्या उंदरांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही.

"दादा, सगळं धान्य एकाच बिळात कोंबू नका. माणसं पाट खणतायत, रानात पाणी येणार. थोडं बांधावर ठेवू, थोडं आंब्याच्या ढोलीत."

म्होरक्या गणबा हसला. "अगं बये, बापजाद्यांपासून हे बीळ कोरडं आहे. तुझं तोंडच तेवढं गळतंय!"

त्यानं तिच्या पिल्लांचा वाटाही त्याच बिळात ढकलला.

पाटाला पाणी सुटलं. बीळ भरलं, दाणे कुजले आणि भिवरीची पिल्लं उपाशी मेली.

मग पंचायत बसली. गणबानं विचारलं, "रोज पाणी पाणी करून हे संकट कुणी ओढवलं?"

सगळ्यांनी एकच नाव घेतलं: भिवरी.