बूड टेक, डब्बू!

बसा बरं सगळे नीट. हलायचं काम डब्बूचं, ऐकायचं काम तुमचं.

खूप खूप उंच, डोंगरांच्या डोक्यावर, एक माळ होता. माळावर गवतच गवत. गवतात एक बीळ. बिळात खोकडांचं घर. घरात एक खोकडआई आणि तिचं एवढंसं पिल्लू.

पिल्लाचं तोंड कसं? चौकोनी! डब्यासारखं! म्हणून नाव डब्बू.

हा डब्बू एका जागी बसेल तर शपथ! आत तुरुतुरु, बाहेर तुरुतुरु. शेपटीमागे गरगर गरगर. पुन्हा तुरुतुरु!

आई आतून ओरडली, "डब्बू! अरे, जरा बूड टेक!"

डब्बूने ऐकलंच नाही. पण बाहेर एक याक चरत होता. मोठाथोरला, काळा, केसाळ. त्याने ऐकलं.

"मलाच म्हणतायत वाटतं," याक म्हणाला. आणि त्याने बूड टेकलं. कुठे? बिळाच्या तोंडावर!

धप्प!

झालं! दार बंद. आई आत, दूध आत, ऊब आत. आणि डब्बू बाहेर!

थंडी केवढी! भूक केवढी! डब्बूला रडूच आलं.

"याककाका, याककाका, उठा ना!
आई आत, डब्बू बाहेर,
घरात जाऊ कसा?"

याक म्हणाला, "बसलो ते बसलो. आबी मीठ देईल, मग उठेन."

आबी म्हणजे तिथली आजी. यांगडोल आबी. माळावर तिचा तंबू होता. डब्बू निघाला. तुरुतुरु तुरुतुरु, थांबतो कशाला!

"जुले, आबी, जुले!" तिकडे नमस्काराला जुले म्हणतात.

"आबी, आबी, मीठ दे ना!
याक उठेना,
आई आत, डब्बू बाहेर,
घरात जाऊ कसा?"

आबी म्हणाली, "अगोबाई, मीठ? सकाळपासून चहाचा घोट नाही पोटात! चहाशिवाय माझा हातच हलत नाही. चूल पेटेल, मग मीठ देईन."

डब्बू गेला चुलीपाशी. तुरुतुरु तुरुतुरु, थांबतो कशाला!

"चूलबाई, चूलबाई, पेट ना!
आबी मीठ देईना,
याक उठेना,
आई आत, डब्बू बाहेर,
घरात जाऊ कसा?"

चूल म्हणाली, "फुस्स! पेटू कशी? गोवऱ्या बघ, ओल्याचिंब! ऊन पडेल, गोवऱ्या वाळतील, मग पेटेन."

डब्बू चढला टेकाडावर. तुरुतुरु तुरुतुरु, थांबतो कशाला! मान केली वर.

"सूर्यदादा, सूर्यदादा, ऊन पाड ना!
चूल पेटेना,
आबी मीठ देईना,
याक उठेना,
आई आत, डब्बू बाहेर,
घरात जाऊ कसा?"

सूर्य म्हणाला, "दिसतोय का मी तुला? नाही ना! माझ्यापुढे हा ढग ठाण मांडून बसलाय. ढग सरकेल, मग ऊन पाडेन."

डब्बूने मान केली आणखी वर.

"ढगोबा, ढगोबा, सरक ना!
ऊन पडेना,
चूल पेटेना,
आबी मीठ देईना,
याक उठेना,
आई आत, डब्बू बाहेर,
घरात जाऊ कसा?"

ढगाने दिली भलीमोठी जांभई. "आऽऽ! मला पाय आहेत का बाबा? वारा ढकलेल, मग सरकेन."

आता वारा कुठे? डब्बू इकडे पळाला. वारा नाही. तिकडे पळाला. वारा नाही. गवताचं पातं हलेना! तेवढ्यात आवाज आला, "ऊं हूं हूं... ऊं हूं हूं..."

कुठून? अगं बाई, याकाच्या शेजारून!

"वारेदादा, वारेदादा, वाहा ना!
ढग सरकेना,
ऊन पडेना,
चूल पेटेना,
आबी मीठ देईना,
याक उठेना,
आई आत, डब्बू बाहेर,
घरात जाऊ कसा?"

वारा म्हणाला, "वाहू कसा? तुझ्या घरात जरा डोकावलो, परत निघालो, तर हा बसला! माझी शेपटी याकाखाली अडकलीय. याक उठेल, मग वाहीन."

हात्तिच्या! म्हणजे पुन्हा याकच!

"याककाका, याककाका, उठा ना!
वारा वाहीना,
ढग सरकेना,
ऊन पडेना,
चूल पेटेना,
आबी मीठ देईना,
आई आत, डब्बू बाहेर,
घरात जाऊ कसा?"

याकाने एक डोळा उघडला. "मीठ आणलंस?" आणि डोळा मिटला.

बिळातून बारीक आवाज आला, "डब्बू, कुठे आहेस रे बाळा?"

आता मात्र डब्बूला राहवेना. इकडे पळ, तिकडे पळ. याकाच्या पाठीवर तुरुतुरु. शिंगांमधून तुरुतुरु. नाकावरून तुरुतुरु! आणि डब्बूची झुपकेदार शेपटी गेली... याकाच्या नाकात!

"आ..." याक म्हणाला. "आ... आ... आऽऽक्छीऽऽ!"

आणि ताडकन उठला!

याक उठला, वारा सुटला. सूंऽऽ!
वारा सुटला, ढग सरकला.
ढग सरकला, ऊन पडलं.
ऊन पडलं, गोवऱ्या वाळल्या.
गोवऱ्या वाळल्या, चूल पेटली. भक्क!
चूल पेटली, चहा झाला.
आबी चहा प्यायली. भुर्र भुर्र!
आबीने मीठ दिलं, याकाने चाटलं. लप् लप् लप्!

आणि डब्बू? डब्बू तर केव्हाच सुळकन घरात!

"कुठे होतास रे मेल्या? किती घाबरले मी!" आई रागावली. आणि रागावता रागावता त्याला चाटत सुटली. डब्बू दूध प्यायला. चुटुचुटु चुटुचुटु. पण पाय? पाय आपले तुरुतुरुच!

आई म्हणाली, "डब्बू, आता तरी बूड टेक!"

डब्बूने बूड टेकलं. आईच्या कुशीत.

बाहेर याकाचे कान हलले. "मलाच म्हणतायत वाटतं!"

वाऱ्याने आपली शेपटी पटकन काढून घेतली. आणि...

धप्प!

दार बंद. आई आत, दूध आत, ऊब आत. आणि डब्बूपण आत!

आता बसू दे की याकाला!