नावडतीच्या भिंती

एकदा काय झालं, एका राजाला दोन राण्या होत्या. एक लाडकी, एक नावडती. नावडतीचं नाव केतकी. पहिल्यांदा तीच लाडकी होती, बरं का. मग राजाचं मन उडालं. का उडालं म्हणून विचारू नकोस शेवंते, राजांना कारण लागत नाही.

मग राजानं तिला गावाबाहेरच्या एका झोपडीत नेऊन ठेवलं. चार मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर. भिंती अगदी बोडक्या. केतकी दिवसभर त्यांच्याकडे बघत बसायची. मग एक दिवस उठली. शेणमाती कालवून भिंती सारवल्या. पांढऱ्याला चुना घेतला, तांबड्याला गेरू, काळ्याला चुलीतली काजळी. बाभळीची काडी चावून कुंचला केला, आणि भिंतीवर मोर काढला.

डोळा रेखला मात्र, मोरानं मान हलवली! पिसारा फुलवला आणि असा ओरडला, की थेट राजवाड्यात ऐकू गेलं.

मग राजा आला. केतकीनं धावत जाऊन पाणी आणलं, गुळाचा खडा पुढं केला. राजा मोराकडे बघत बघत पाणी प्यायला, त्यानं तांब्या मागं धरला आणि म्हणाला, "ही भिंत राजवाड्यात न्या."

माणसं आली, भिंत खालून कापली, गाड्यावर घातली आणि नेली. केतकीनं तिथं जुनं लुगडं बांधलं. तिला वाटलं, मोरासाठी का होईना, आले तर खरे.

मग तिनं दुसऱ्या भिंतीवर आंब्याचं झाड काढलं. सकाळी त्याला मोहोर आला, दुपारी कैऱ्या धरल्या, संध्याकाळी पिकले आंबे टपाटप खाली. पुन्हा राजा आला. झाडाकडे बघत आंबा खाल्ला, कोय मागं तिच्या हातात दिली, आणि तीही भिंत घेऊन गेला.

त्या थंडीत झोपडीत वारा नुसता घोंगावायचा. केतकी चुलीला पाठ लावून निजायची. शेजारची भागू कुंभारीण म्हणायची, "बाई गं, आता काही काढू नकोस. घर संपेल तुझं."

केतकी म्हणायची, "भागूबाई, काढलं नाही तर ते येणार नाहीत."

मग तिसऱ्या खेपेला राजा आपणहून आला. म्हणाला, "लाडकीचा हट्ट आहे. या भिंतीवर मला काढ. घोड्यावर बसलेला, अगदी जिवंत. साधलं तर तुला राजवाड्यात परत नेईन."

ऐकलंत? याच शब्दांसाठी ती बिचारी जीव धरून होती. तिनं लगेच कुंचला उचलला. मग तिनं घोडा काढला. पगडी काढली, शेला काढला, तलवार काढली. आणि चेहऱ्याशी आल्यावर कुंचला थांबला. राजा दारात उभा राहून बाहेर बघत होता.

"महाराज, जरा इकडं बघता का?"

"काढ की. घाई आहे मला," राजा न वळताच म्हणाला.

मग केतकीनं जे दिसत होतं ते काढलं. पाठमोरा राजा.

शेवटची रेघ ओढली आणि घोडा चालायला लागला. भिंतीत आत, आणखी आत. लहान झाला, ठिपक्याएवढा झाला, मग दिसेनासा झाला. भिंत पुन्हा कोरी.

राजा ओरडला, "माझा चेहरा कुठंय?"

केतकी म्हणाली, "महाराज, आपण मोर बघितला, आंबा बघितला. मला दिसली ती आपली पाठ. तीच काढली."

राजा तरातरा निघून गेला. दर वेळी ती त्याची पाठ दिसेनाशी होईतो दारात उभी राहायची, या खेपेला राहिली नाही.

परत आला का? नाही रे. नाही आला.

ती रडली का? रडली. पुष्कळ दिवस रडली. मग भागूनं माती आणली, दोघींनी मिळून गेलेल्या भिंती उभ्या केल्या. केतकी पुन्हा चित्रं काढायला लागली. रोज काढायची, आणि कुणाच्या नजरेला पडायच्या आत सारवून टाकायची.

तिकडे राजवाड्यात मोर नाचत राहिला, आंबे पिकत राहिले. राजा सुखात राहिला, लाडकी सुखात राहिली. केतकीसुद्धा सुखात होती म्हणतात. कोण म्हणतं? राजवाड्यातलेच म्हणतात.

झाली गोष्ट. पांघरूण घ्या अंगावर, आणि मिटा डोळे.