चिमणतळ्याचं फाटक

मुलांनो, आधी मला पोटभर रागावू द्या. परी येणार आहे, चमचमते पंखबिंख सगळं येणार आहे. पण तोवर गप्प बसणं मला नाही बाई जमायचं!

करवंदवाडीला एक इवलंसं तळं होतं, चिमणतळं. त्याच्याभोवती हिरवीगार देवराई, आणि देवराईतून तळ्याला वळसा घालून पुन्हा जागच्या जागी येणारी एक वाट. ना चढ, ना उतार, ना काटा. माती कशी, कापसासारखी मऊ. दुडुदुडु चालणारी पोरं आणि काठी टेकणारे आजोबा, सगळे ती फेरी मारायचे. तळं उजव्या हाताला ठेवायचं, मध्येच मागे फिरायचं नाही, आणि देवराई म्हणजे देवाचं घर, म्हणून चपला बाहेर काढायच्या. एवढीच काय ती रीत.

त्या गावात तानी नावाची एक गरीब मुलगी होती. फ्रॉकला ठिगळं, पण मन लोण्यासारखं. तिची आई झाडावरून पडली होती. मोडलेला पाय जुळला, पण त्यात जोर येईना. वैद्यबुवा म्हणाले, "तानी, आईला रोज मऊ, सपाट जमिनीवर चालव. दगडधोंड्यांत चालली तर पाय कायमचा जाईल." गावात तर जिकडे तिकडे दगडच दगड. मऊ वाट एकच, तळ्याची.

आणि नेमकी तीच वाट दौलतरावांनी बंद केली! हे गावातले सगळ्यात श्रीमंत गृहस्थ. तळ्याकाठी बंगला बांधला, देवराईला फाटक ठोकलं आणि हुकूम सोडला, "अनवाणी माणसाला आत सोडायचं नाही. बूट असतील त्यानेच यावं. मळक्या पायांनी वाट खराब होते." वा रे वा! ज्या पायांनी वाट पाडली, तेच पाय नकोत? आणि देवराईत बूट? सांगताना अजून अंगाचा तिळपापड होतो माझ्या!

एका सकाळी तानी आईचा हात धरून फाटकाशी गेली. राखणदार म्हादबा खाली मान घालून म्हणाला, "पोरी, मला नाही गं सोडता येत. हुकूम आहे." आई लंगडत माघारी गेली. तानी मात्र करवंदीच्या जाळीआड बसून रडली, मुठी आवळून रडली.

तेवढ्यात जाळीत लुकलुक लुकलुक झालं. एका पांढऱ्याशुभ्र फुलावर करंगळीएवढी परी बसली होती! पंख चतुराचे, निळे-जांभळे. झगा पिवळ्याधमक पाकळ्यांचा. केसांत दवाचे टपोरे मोती. आणि इवल्याशा नाकाच्या शेंड्यावर राग!

"मीसुद्धा चिडलेय," परी म्हणाली. "माझ्या तळ्याला फाटक? तानी, तुला एक इच्छा देते. ती मनात धर, या जाळीतून आत शिर आणि एक पूर्ण फेरी मार. तळं उजव्या हाताला. मध्येच मागे फिरलीस की इच्छा विरून जाईल. मग मलाही काही करता यायचं नाही हं, छकुली."

"माझ्या आईला चालता येऊ दे," तानीने मनात घट्ट धरलं आणि निघाली. पानांतून सोनेरी कवडसे सांडत होते. गुलाबी कमळं डुलत होती. चिमुकले मासे चांदीसारखे चकाकत होते.

थोडी पुढे गेली नाही तोच, "वाचवा! वाचवा!" पाहते तर दौलतराव! चकचकीत बूट शेवाळावरून घसरला होता आणि स्वारी कमरेपर्यंत चिखलात. हाताशी झाडाचं एक मूळ, तेही तुटायला आलेलं. तानीने हात दिला, पण एवढीशी पोर ओढणार तरी किती? म्हादबाला हाका मारल्या, तर तो फाटकाशी घोरत होता. मागे फाटक जवळ होतं. पुढे अख्खी फेरी बाकी होती.

"मूळ धरून ठेवा, मी म्हादबाकाकांना आणते," तानी म्हणाली. आणि मग तिला रडू फुटलं. "पण तुमच्यामुळे माझ्या आईचा पाय जाणार! फार वाईट आहात तुम्ही!"

मी असते ना, तर म्हटलं असतं, बसा तिथेच बेडकांशी गप्पा मारत! पण तानी वळली. तळं डाव्या हाताला आलं. इच्छा गेली, हे तिला कळलं होतं. तरी ती पळत सुटली.

म्हादबाने दोर टाकून मालकांना बाहेर ओढलं. एक बूट चिखलातच राहिला. पाय सुजून भोपळा झाला.

परी जाळीत थांबली होती. "माझी इच्छा गेली ना?" तानीने विचारलं.

"गेली गं," परी म्हणाली. "नियम तो नियम." मग तिने हळूच डोळे मिचकावले. "पण ती सूज कधी उतरवायची, ते माझ्या हातात आहे!"

वैद्यबुवांनी दौलतरावांना काय सांगितलं असेल? तेच! "रोज मऊ, सपाट जमिनीवर चाला." दुसऱ्या सकाळी दौलतराव काठी टेकत फाटकाशी आले. सुजलेल्या पायात कुठला बूट शिरतोय? म्हादबा आडवा उभा राहिला.

"माफ करा, मालक. अनवाणी माणसाला आत सोडायचं नाही. हुकूम आहे."

"अरे, हुकूम माझाच आहे!"

"म्हणून तर मोडवत नाही, मालक."

दौलतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. पलीकडे तानी आणि तिची आई दगडावर बसल्या होत्या. आईचाही पाय तसाच. दौलतरावांचा चेहरा पडला.

"म्हादबा, काढ ते फाटक," ते म्हणाले. "चुकलो गं, पोरी."

नुसतं चुकलो? चांगलं नाक घासायला हवं होतं! पण तानी म्हणाली, "तो दुसरा बूटही काढा, काका. मग घसरणार नाही."

तिघं अनवाणी निघाले, तळं उजव्या हाताला ठेवून. आईचं पाऊल पडेल तिथे टिकलीएवढी निळी फुलं उमलत गेली. फेरी पूर्ण झाली, तेव्हा आईने तानीचा हात सोडला आणि आपली आपण चालत आली. इच्छा विरली होती खरी, पण ती मऊ वाटच आईला पावली!

परी तानीच्या कानाशी भिरभिरली. "आता यांची सूज उतरवू?"

"उतरव ना गं," तानी म्हणाली. "दुखत असेल त्यांना."

"तू म्हणतेस म्हणून हं!" परी हसली, लख्ख सोनेरी उजेड झाला आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली.

सूज तिथल्या तिथे उतरली. मी असते तर अजून आठवडाभर ठेवली असती!