टिकलीखालचा दिवा

गाडीचे भाग एकमेकांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. हणमंतरावांच्या जीपमध्ये स्टिअरिंगमागे इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना.

"सणासुदीला कशाला डोळे वटारतोस?" हॉर्न खेकसला.

"इंजिनाच्या पोटात दुखतंय. मालकाला सांगायला माझ्याकडे एवढंच आहे," दिवा म्हणाला.

दसऱ्याला हणमंतरावांनी जीप धुतली, हार घातला. पूजा करताना तो दिवा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला. त्यांनी बायकोकडून मोठी लाल टिकली मागून घेतली, दिव्यावर चिकटवली आणि हात जोडले.

"बरं झालं, विझला एकदाचा," हॉर्न म्हणाला. सगळ्या भागांना हायसं वाटलं.

झेंडू सुकायच्या आतच, भर घाटात, इंजिन धडधडलं, धूर ओकलं आणि बंद पडलं. हणमंतरावांनी नखाने टिकली खरवडली. खाली दिवा जळतच होता.

हॉर्न पुटपुटला, "तू विझलाच नव्हतास?"

"नाही."

मग गार होत चाललेल्या इंजिनाचा क्षीण आवाज आला. "दुखत तर होतं रे. पण तू दिसेनासा झालास, तेव्हा वाटलं, माझ्याच मनाचे खेळ असतील."